हैदराबादेत बाबांची कुजबुज

४ मे १९८६, रविवार. ऊर्जानगर

एल.टी.सी. मंजूर झाली, म्हणजे कंपनीच्या खर्चानं सहल. बाबांनी पूर्ण लायनीला ओरडून सांगितलं. ओरडून म्हणजे त्यांच्या नेहमीच्या आवाजात. चौदा वर्षं क्रशर हाऊसमध्ये कोळसा फुटताना ऐकला की माणसाला दुसरं ऐकू येत नाही, आणि आपला आवाज किती मोठा आहे हेही कळत नाही. आमच्याकडे भाजी कोणती हे सातव्या क्वार्टरला कळते ते असं.

सातव्या क्वार्टरात म. राहते. नाव लिहीत नाही. आई ही वही वाचते, मला माहीत आहे. (आई, वाचत असशील तर ठेवून दे.)

वही म.नेच दिली. तिचे बाबा, रामटेके काका, स्टोअरला आहेत, तिथली मागच्या सालची कोरी डायरी. म्हणाली, "दिवसातून किती वेळा डोकं फिरलं ते लिहत जा. वर्षभरानं मले दाखवजो." म्हणून रोज खाली रा. (राग) लिहून आकडा.

हैदराबाद! मे महिन्यात! म्हटलं मी नाही येत. बाबा म्हणाले, "फॉर्मात चौघांची नावं हायत. चौघं जातीन." जणू मी हजेरीपटावरचा मजूर. बेबीची दहावीची परीक्षा झाली, ती नुसती हुरळली आहे. मी तिला विचारलं, तिकडं पाहण्यासारखं काय आहे. म्हणे, "चार मिनार." पॉवर हाऊसच्या चार चिमण्या तर इथंच आहेत, वर राख फुकटात.

रा. २.

५ मे, सोमवार

म. विहारात दिसली. वंदनेला पुढच्या रांगेत. नेहमी एकदा मागे वळून पाहते, काल-आज नाही. बाहेर चपला घालताना म्हटलं, आठ दिवस नाई इथी. म्हणाली, "माहीत हाय. फिरून ये." एवढंच. फिरून ये! जसं कोणी चक्कीवर चाललं आहे.

काऊन अशी तुटक? डिसेंबरपासून सगळेच तुटक आहेत. डिसेंबरात प्रॅक्टिकलला माझ्या हातून ब्यूरेट, मापाची काचेची नळी, फुटली. सर सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "तुमच्यासारख्यांना सीट आयती भेटते, काचेची किंमत काय कळणार." तेव्हा दुसरी मी फोडली. मुद्दाम, त्यांच्या पायाजवळ. प्राचार्य म्हणाले माफीनामा लिहून आण. नाही लिहिला. बी.एस्सी. सेकंड इयर तिथंच संपलं. बाबा तेव्हापासून माझ्याशी फक्त कामाचं बोलतात. म. एकटी अशी होती की जिनं माफी माग म्हटलं नाही. मागू नको, असंही नाही.

आई पिंपात तांदूळ भरून राह्यली. सिंदेवाहीच्या मामानं पाठवलेला, तो तिथं धानाच्या केंद्रात कामाला आहे. "आई, तिकडचे लोक सकाळ-संध्याकाळ भातच खातात." आई म्हणे, "त्यायचा त्याईले. आपल्याले आपला." पिंपाबरोबर वातीचा स्टोव्ह, कुकर, हळद, तिखट. ही सहल आहे की गाव उठून चाललं आहे?

रा. ३.

६ मे, मंगळवार. गाडीत, मग लॉज

बल्लारशाहून गाडी. लाकडी बाक, गरम वारा, डब्यात कोणाच्या तरी सुक्या मासोळीचं गाठोडं. समोरच्या बाईचं पोर माझ्या पँटीवर संत्र्याचे हात पुसत होतं, बाई हसत होती.

बाबा खिडकीत. त्यांना हैदराबाद पाहायचं नव्हतंच, रामगुंडम पाहायचं होतं. तिथलं पॉवर हाऊस. दूरवर धूर दिसला तसे उठून उभे. पूर्ण डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात: "आपल्यापेक्षा उंच हाय का रे?" मी म्हटलं, दिसत नाई. "सांग नं, तुह्ये डोळे चांगले हायत." माणूस रजा घेऊन, बायकापोरं घेऊन, दुसऱ्याची चिमणी पाहायला जातो. मला इतकी लाज वाटली की दारात जाऊन उभा राह्यलो.

दारात म.ला मनात पत्र लिहिलं. चांगलं झालं होतं. आता आठवत नाही.

लॉज स्टेशनपासून जवळ. भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, गादीला दुसऱ्या माणसाचा वास. मॅनेजरनं पिंप पाहिलं, स्टोव्ह पाहिला आणि हात जोडले. "नक्को अम्मा, स्टोव नक्को. रूम में आग नक्को." आई तिच्या हिंदीत: "आग कायको लगेंगी? चावल शिजाने का है सिर्फ." "चावल हम देते ना अम्मा." "तुमारा नई, हमारा." शेवटी असं ठरलं की तांदूळ आमचा, शिजवणार लॉजचा स्वयंपाकी. भात आला तर वर कढीपत्ता आणि चिंच. आईनं एक घास घेतला आणि ताट सरकवलं. आठ किलो तांदूळ तांदळाच्या देशात डोक्यावर आणून.

रा. ५.

७ मे, बुधवार

म्यूझियम. एका नवाबी माणसानं जन्मभर काय काय गोळा केलं आणि आम्ही रांगेत उभं राहून ते पाहायचं. चिनी मातीची ताटं, हस्तिदंती खुर्च्या, तलवारी. एका माणसाला इतकी ताटं काऊन लागतात? काचेवर बोट ठेवलं तर शिपाई खेकसला. काचेची किंमत इथंही मलाच शिकवून राह्यले.

सगळ्यांत वाईट ते घड्याळ. मोठ्या चौकात दोनशे माणसं जमिनीवर मांडी घालून बसली आहेत, कशासाठी, तर तासाला एक चिमणा बाहुला दार उघडून बाहेर येतो, घंटेवर टोल मारतो आणि आत जातो. बारा वाजायची वाट पाहत बसलो, बाराला बारा टोल म्हणून. माणसं धक्के देऊन राह्यली, घाम, खोबरेल तेलाचा वास. बाहुला आला, टण टण. लोक खूश. सगळं शांत झाल्यावर बाबा म्हणाले, त्यांच्या आवाजात:

"वाजलं का?"

दोनशे माणसं हसली. बेबी त्यांच्या हाताला चिमटा काढून म्हणे, "वाजलं नं बाबा, बारा वेळा." बाबा म्हणाले, "हो, हात हलताना पाह्यला मी." आणि तेही हसले. ते काऊन हसले? आपल्यावर हसणाऱ्यांसोबत हसायचं, हे मला कधी जमणार नाही. प्राचार्यांच्या खोलीतही बाबा तसेच हसले होते, हात बांधून. मला दोघांचीही किळस आली, हसणाऱ्यांची आणि बाबांची, तेव्हाही आणि आजही.

बाहेर आल्यावर उसाचा रस. त्यात माशी. दुसरा ग्लास मागितला तर म्हणे, "मक्खी क्या पी जाती मियाँ?"

रा. ६. (माशीचा धरून.)

८ मे, गुरुवार

चार मिनार. वरून जे दिसते ते: छपरं, तारा, कबुतरं, हॉर्न. खालून जे दिसते ते: चार मिनार. दोन्हीत अर्थ नाही. गोल जिन्यात एक जाडा माणूस अडकला होता, त्याच्या मागे आम्ही, अर्धा तास दुसऱ्याचा घाम हुंगत.

पण संध्याकाळ बरी गेली. लिहून ठेवतो, कारण अशी एकच.

शेजारी बांगड्यांचा बाजार. गल्लीभर लाखेच्या बांगड्या, काचेचे तुकडे बसवलेल्या, दिव्यात नुसता चकचकाट. आईनं बेबीसाठी घेतल्या, मग आणखी एक डझन पाहू लागली. दुकानदाराला म्हणाली, "दोन-चार का माप दिखाओ." बेबीचं माप दोन-दोन. आईच्या हाताला दोन-सहा लागते. आईनं माझ्याकडे न पाहता विचारलं, "गोऱ्या हाताले कोणता रंग बरा दिसते रे?"

अख्ख्या लायनीत गोरा हात एकच आहे आणि आईला तो ठाऊक आहे!

मी म्हटलं, डाळिंबी. त्यावर सोनेरी ठिपके, मोठे नको, बारीक. आईनं त्याच बांधायला लावल्या. बेबीनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे पाहिलं. मी येताना रिक्षात गाणं म्हटलं. बाबा म्हणाले, "काय म्हणते?" बेबी म्हणाली, "काही नाई, गाऊन राह्यला."

आई, वाचत असशील तर वाच.

रा. ०. पहिल्यांदा शून्य.

९ मे, शुक्रवार

हे लिहायचं नव्हतं. लिहितो.

सकाळी प्राणिसंग्रहालय. वाघ पाहायला तिकीट! आमच्याकडून मोहर्लीच्या जंगलातल्या रस्त्यानं जाताना एस.टी. थांबवून वाघ पाहिलेला आहे लोकांनी. इथं तो उन्हात जीभ काढून पडलेला, आणि माणसं खडे मारून राह्यली, उठ म्हणून. एकाचा हात धरला मी. भांडण होता होता राह्यलं. असो. ते काहीच नव्हतं.

दुपारी लॉजवर. सगळे आडवे झाले. मी बाहेर व्हरांड्यातल्या नळावर डोक्यावर पाणी घेत होतो. बाजूला नांदेडचा एक माणूस आरसा टांगून दाढी करत होता, कपड्याचा व्यापारी, काल ओळख झाली. आत बाबा आईशी कुजबुजले.

बाबांची कुजबुज म्हणजे दाराची काच थरथरते.

"रविवारी रामटेकेच्या पोरीचं साक्षगंध होऊन जाऊ दे. मंग पोट्ट्याले सांगू. तवरिक याले फिरवत राहू."

आई: "हळू, हळू."

"हळूच बोलून राह्यलो मी! पोरगं भद्रावतीचं हाय, फॅक्टरीत टर्नर. क्वार्टर भेटलेलं. याच्यापाशी काय हाय?"

पाणी डोक्यावरून वाहत होतं. नांदेडवाल्याचा वस्तरा थांबला. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचंच का काय, पाव्हणं?"

रविवारी म.चा साखरपुडा. पूर्ण लॉजला कळलं. मॅनेजरला मराठी येत नाही, तोही पाहत होता.

डाळिंबी. सोनेरी ठिपके. मी निवडला रंग. मीच.

बेबीला जिन्यात धरलं. रडली. "मले आईनं शपथ घातली होती, दादा." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. रामगुंडमची चिमणी, बाहुला, चार मिनार, सगळं मला खेळवायला. कुत्र्यापुढं भाकर धरून त्याला दुसऱ्या गल्लीत नेऊन सोडतात, तसं.

रा. मोजत नाही.

१० मे, शनिवार

सकाळी म्हटलं, मी चाललो. आज निघालो तर रात्रीपर्यंत बल्लारशा, उद्या साक्षगंधाला उभा. बाबांना ओरडून सांगितलं म्हणजे त्यांना ऐकू गेलं. परतीचं तिकीट चौघांचं एकच, ते त्यांच्या खिशात. म्हटलं, बिनतिकिटाचा जातो, धरलं तर धरू द्या. बाबा म्हणाले, "जाऊन काय करशीन? तिथीबी काच फोडशीन?"

मी पिशवी उचलली. आईनं पिशवीचा दुसरा बंद धरला. म्हणे, "गोवळकोंड्यापर्यंत चाल. तिथी तुले एक सांगाचं हाय. मंग जा. मी सोताहून पाठवीन." लॉजमध्ये काऊन नाही सांगत, विचारलं. आईनं बाबांकडे पाहिलं. "इथी सांगतलं तर ते विचारतीन काय म्हणते, अन् मले दोनदा सांगा लागन. साऱ्यायले."

गेलो. किल्ला म्हणजे दगड, ऊन, वटवाघळांचा वास. दाराच्या घुमटाखाली गाईड लोकांना टाळी वाजवून दाखवतो, ती पार वर टेकडीच्या टोकावर ऐकू जाते म्हणे. राजाला शत्रू आल्याचं कळावं म्हणून. बाबा आणि बेबी तिथं थांबले. आई माझ्यासोबत वर निघाली. अर्ध्या पायऱ्यांवर तिला दम लागला, एका कमानीच्या सावलीत बसली.

तिनं सांगितलं ते जसंच्या तसं:

"हे तुह्या बाबानं नाई ठरवलं. मी बी नाई. पोरगी घरी आली होती, तू लायब्ररीत गेलता तवा. म्हणे, काकू, त्याले आठ दिवस कुठी घेऊन जा. तो असला तर अंगणात येऊन तोडफोड करन, अन् मंग सारे त्याच्यावरच बोलतीन, मले कोणी इचारणारच नाई. मले माह्यं बोलू द्या."

"काय बोलणार हाय ती? हो का नाई?"

"मी नाई इचारलं."

"काऊन नाई इचारलं?"

"तिचं बोलणं हाय नं ते. तिचंच."

"मंग बांगड्या?"

"हो म्हटलं तर साक्षगंधाच्या. नाई म्हटलं तर बांगड्या बांगड्याच हायत."

मी तिथून पळत सुटलो. वर. कशाला ते माहीत नाही. टोकावर एक मोडकी इमारत, वारा, खाली पूर्ण शहर धुळीत पसरलेलं, मेलेल्या जनावरासारखं. मला थुंकावंसं वाटलं, थुंकलो, वाऱ्यानं माझ्याच अंगावर आलं.

म्हणजे मी शत्रू. माझ्यापासून पोरीला वाचवायला पूर्ण कुटुंबानं एल.टी.सी. काढली. आणि तिनंच सांगितलं. मला म्हणाली, फिरून ये.

तेवढ्यात टाळी ऐकू आली. बारीक, कोरडी, जशी कानाजवळ. मग दुसरी. मग ठरावीक अंतरानं येतच राह्यली. कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली दारात पांढरा ठिपका, बाबांचा नवा सदरा. टाळी मारतात, मान वर करतात, थांबतात, परत मारतात.

मी उलट टाळी मारली नाही.

कितीतरी वेळ मारत होते. मग गाईडनं त्यांचा हात धरून बाजूला केलं, दुसऱ्या लोकांचा नंबर होता.

स्टेशनवर गेलो नाही. रा. नाही लिहीत आज.

११ मे, रविवार

आज.

सकाळी ११ ला पाहुणे येणार असतील. आमच्यात अकरालाच येतात, जेवण धरून.

टेकडीवरचं संगमरवरी देऊळ पाहायला गेलो, फॉर्ममध्ये बाबांनी पाहायच्या ठिकाणांत लिहिलं आहे. आपण देवळात जात नाही. आई आणि बेबी म्हणाल्या दगड पाहून येतो, नक्षी. बाबा म्हणाले तुम्ही जा, मी चपला सांभाळतो. मीही थांबलो. दोघं पायरीवर, मधे चार जोड चपला. फरशी इतकी तापलेली की बसवत नव्हतं. समोर फोटोवाला एका जोडप्याला जवळ या, जवळ या म्हणत होता.

११ वाजले. ११.१०. ती ट्रे घेऊन बाहेर आली असेल. तो टर्नर मिशीवर हात फिरवत असेल. ११.२५.

बाबांनी अचानक विचारलं, "काल वरून तू टाळी मारली होती का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मनगटावर कोळशाचे निळे ठिपके, कातडीत मुरलेले, कितीही घासले तरी जात नाहीत. नवा सदरा कॉलरला घट्ट.

मान हलवली. हो म्हणून. मोठ्यानं म्हटलं, "मारली."

"मले वाटलंच," म्हणाले. "गाईड म्हणे नाई आली. म्या म्हटलं, तुले काय समजते, माह्या पोराची हाय, आली असन."

थोड्या वेळानं: "त्या मास्तरची बी चूक होती. मी तवा हसाले नोको होतं."

पाच महिन्यांत पहिल्यांदा. आणि तेही एवढ्या मोठ्यानं, की फोटोवाल्यानं वळून पाहिलं. त्याला काही समजलं नाही. बरं झालं.

१२ मे, सोमवार. परतीच्या गाडीत

तोच वास, तसाच बाक. पिंप रिकामं. उरलेला तांदूळ आईनं लॉजच्या स्वयंपाक्याला दिला, तो म्हणे असा वास त्यानं कधी घेतला नाही. आईचं तोंड तेव्हापासून उजळलेलं आहे. हैदराबादेत तिला एवढीच गोष्ट आवडली, आपलाच तांदूळ.

रामगुंडम आलं. बाबा झोपले होते. मी उठवलं. हातानं दाखवलं, त्यांची जास्त उंच आहे, एवढी. "असू दे," म्हणाले.

बांगड्यांचं खोकं आईच्या मांडीवर. मी त्याकडे पाहत नाही. पाहतो.

रा. १. तिकीट चेकर.

१३ मे, मंगळवार. ऊर्जानगर

आलो. दाराखालून राख आत आलेली, खुर्चीवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी. सातव्या क्वार्टरासमोर मांडवाच्या चार खड्ड्यांत ताजी माती. म्हणजे मांडव घातला होता. बांबू दिसले नाहीत.

बेबी खोकं घेऊन गेली. मी मोरीत जाऊन बसलो, नळ सोडून, म्हणजे काही ऐकू नये.

वीस मिनिटांनी आली. "साक्षगंध झालं नाई, दादा."

पाहुणे आले होते, जेवले. म.ला विचारलं तेव्हा तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे, मग बी.एड. करणार, त्यानंतर लग्नाचं बोलू. त्याआधी साक्षगंध घेतलं तर शिक्षण सुटते, तिच्या मावशीचं तसंच सुटलं. रामटेके काका चिडले. टर्नरचे वडील म्हणाले, पोरगी हुशार आहे, सध्या थांबतो, पुढच्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला येऊन विचारू. म्हणजे तुटलं नाही. जुळलंही नाही.

"अन् बांगड्या?"

"ठेवल्या. रंग कोणी निवडला, इचारत होती. मी सांगतलं, आईनं."

"काऊन आईनं?"

"मंग काय सांगू? भांडखोरानं?"

आनंद झाला का? झाला. आणि किळसही आली, की मला आनंद झाला. तिच्या बी.एड.चा मला आनंद थोडाच झाला होता.

१५ मे, गुरुवार

चंद्रपूरच्या बसथांब्यावर भेटली. म्हणजे मी जाऊन उभा राह्यलो. हातात डाळिंबी दोनच, बाकी घड्याळ.

म्हटलं, माह्यासाठी थांबली?

म्हणाली, "नाई. माह्यासाठी."

"मंग मले हाकलून काऊन दिलं?"

"तू असता तर तुह्यासाठीच झालं असतं."

मला डोकं फिरल्यासारखं झालं. तिला दिसलं. म्हणाली, "हा एक. वहीत लिहजो." पण हसली नाही. म्हणाली, "गडचिरोलीच्या कॉलेजात सेकंड इयरला घेतात. माफीनामा नाई लागत. जुन्या कॉलेजचा दाखला लागते. आमच्या वर्गातल्या पोरीचा भाऊ गेला तिथी."

"दाखल्यासाठी त्याच प्राचार्याकडं जा लागन."

"हो."

"ते माफीनामा मागतीनच."

"मागतीन."

"लिहू का नोको लिहू? सांग नं."

बस आली. पायरीवर चढली आणि म्हणाली, "माह्यं मी बोलली." दार लागलं.

तिच्यात दया नावाची गोष्ट नाही. रा. १. नाही, २.

१८ मे, रविवार

दाखल्याचा अर्ज लिहिला. चार वेळा. विषय, महोदय, इथपर्यंत बरोबर जमते. मग "झाल्या प्रकाराबद्दल" लिहितो आणि पेन थांबते. झाल्या प्रकारात माझी एक ब्यूरेट आहे, मुद्दाम फोडलेली, ती कबूल. तिच्याबद्दल लिहीन. त्यांच्या वाक्याबद्दल कोण लिहील?

पाचव्यांदा दोन ओळी लिहिल्या. पहिली माझ्याबद्दल, दुसरी त्यांच्याबद्दल. दुसरी ओळ ठेवली तर दाखला भेटत नाही. खोडली तर मला झोप भेटत नाही.

बाबांनी कागद घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला. काही खोडलं नाही. म्हणाले, "उद्या माही सेकंड शिफ्ट हाय. सकाळी येतो." म्हटलं, तुम्ही हसाल. म्हणाले, "मी बोलतच नाई. मले ऐकू कुठी येते? तूच बोलजो. मी उभा राहीन फक्त."

१९ मे, सोमवार. कॉलेज, ऑफिसबाहेरचा बाक

कंपनीच्या बसनं आलो. बाबांनी हैदराबादचा पांढरा सदरा घातला. शिपायानं ओळखलं मला, वरून खाली पाहिलं. "साहेबांकडे माणूस बसला आहे. घंटी वाजली की जा." ते सरही आत आहेत, चप्पल ओळखली.

बसून राह्यलो. लिहून राह्यलो, नाही तर उठून निघून जाईन. कॉरिडॉरमध्ये तोच वास, गॅसचा आणि फिनाईलचा. त्या दाराची किळस, त्या पट्टीवरच्या नावाची, माझ्या घामाची. कागद खिशात आहे. दोन्ही ओळी अजून आहेत. पेनही उघडंच आहे.

बाबा शेजारी, गुडघ्यावर हात. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतात. म्हणाले, पूर्ण कॉरिडॉरला ऐकू जाईल असं, "याच्यातून बाहुला नाई निघत वाटते."

एक पोरगी हसली. मीही.

आत घंटी वाजली. बाबांना ऐकू आली नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि माझ्या आधी उठून उभे राह्यले.